कच्चा लिंबू आणि पक्का नियम

उन्हाळ्याची सुटी लागली कीं नाशकांतील जुन्या घरांत पुन्हां माणसांचा गलबला सुरू होतो. पुण्यामुंबईचीं, क्वचित् परदेशचींहि नातवंडें आजोळीं उतरतात, माडीवर ओळीनें गाद्या पडतात, आणि दुपारीं वडील माणसें घटकाभर डोळा लावूं पाहतात त्याच वेळीं वरून भांडणाचा पहिला सूर ऐकूं येतो. पूर्वीं हें भांडण पत्त्यांवरून, सोंगट्यांवरून किंवा विटीदांडूवरून होई; हल्लीं तें बहुधा फोनवरच्या एखाद्या झुंजीवरून होतें. साधन बदललें, परंतु तक्रार बदलली नाहीं: ‘हा रडीचा डाव खेळतो!’ मोठीं माणसें ती तक्रार पुरती ऐकून न घेतां फोन काढून घेतात, आणि शांतता झाली म्हणजे न्याय झाला असें समजतात. आमच्या मतें त्या तक्रारींत मुलांनीं विचारलेला एक गंभीर प्रश्न असतो. ज्यांचें बळ सारखें नाहीं त्यांनीं एकमेकांशीं बरोबरीनें कसें खेळावें?

ज्या खेळावरून हा विचार मनांत आला त्याचें नांव पोकेमॉन. वडील वाचकांसाठीं त्याची थोडी ओळख करून देतों. २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं हा खेळ जपानांत प्रथम विक्रीस आला. त्या वेळीं त्यांत १५१ जातींचे चमत्कारिक प्राणी होते. आज त्या जाती एक हजाराच्या वर गेल्या आहेत. खेळणारानें हे प्राणी शोधावयाचे, वाढवावयाचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशीं झुंजवावयाचे. मूळ खेळांत एका वेळीं सहा प्राणी बरोबर बाळगतां येतात, प्रत्येकास चार डाव येतात, आणि त्याची पायरी एकापासून शंभरापर्यंत चढत जाते. कोणी अग्नीचा, कोणी पाण्याचा, कोणी वनस्पतीचा. पाण्यापुढें अग्नि दबतो, अग्नीपुढें वनस्पति, आणि वनस्पतीपुढें पाणी. म्हणजे बळाबरोबरच कोणासमोर कोणाला उभें करावें या अकलेवरहि निकाल लागतो. २०१६ सालीं याच प्राण्यांचा ‘पोकेमॉन गो’ हा फोनवरचा खेळ निघाला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो आपल्या देशांत आला. मुलांच्या हातीं हल्लीं दिसतो तो बहुधा हाच.

आतां असें समजा कीं, पंचवटींतील एका घरीं आठ भावंडें जमलीं आहेत. सर्वांत मोठा पंधरा वर्षांचा. त्यानें चार-पांच वर्षें खपून, आणि वाढदिवसाचे पैसेहि खर्चून, बलाढ्य प्राण्यांचा मोठा ताफा जमविला आहे. सर्वांत धाकटी आठ वर्षांची. तिनें आईच्या फोनवर गेल्याच महिन्यांत खेळ सुरू केला आहे. दोघांची झुंज लागली तर निकाल अगोदरच ठरलेला. ती हरते, पुन्हां हरते आणि रडूं लागते. आजी म्हणतात, ‘अरे, तूं मोठा ना? एकदां हर कीं तिच्यासाठीं.’ तो मुद्दाम हरतो. तिला तें कळतें, आणि ती अधिकच रडते. आजींना वाटतें, पोर हट्टी आहे. पण पोरीचें रडणें आतां हरल्याचें राहिलेलें नाहीं. आपल्याला खोटी जीत दिली, याचें तें रडणें आहे.

असमान गड्यांना एकत्र खेळविण्याचा आपल्याकडे एक फार जुना तोडगा आहे. तो म्हणजे कच्चा लिंबू. लहान मूल खेळांत घ्यावयाचें, त्याला धांवूं द्यावयाचें, ओरडूं द्यावयाचें. पण त्याला बाद करावयाचें नाहीं, आणि त्यानें कोणाला शिवलें तरी तें धरावयाचें नाहीं. चार वर्षांच्या मुलाला यांत मोठा आनंद असतो. परंतु आठव्या वर्षीं हाच किताब जिव्हारीं लागतो, कारण त्याचा अर्थ एव्हांना उमगलेला असतो: तूं येथें आहेस, पण तुझें असणें मोजलें जात नाहीं. ‘तूं मोठा, तूं सोड’ हा दुसरा तोडगा याहून बरा नाहीं. त्यानें मोठ्याला वाटतें कीं आपण मेहनत केली हाच आपला गुन्हा. धाकटीला वाटतें कीं रडणें हेंच आपलें शस्त्र. एकाच वाक्यानें दोन मुलें बिघडविण्याचें सामर्थ्य फार थोड्या वाक्यांत असतें. हें त्यांपैकीं एक आहे.

तिसरा मार्ग आहे, आणि तो आपल्या आजोबांना ठाऊक होता. नातवाबरोबर बुद्धिबळें मांडतांना ते आपला वजीर काढून ठेवीत व मग सर्व शक्तीनिशीं खेळत. वजीर असतां मुद्दाम चुकणें ही दया. वजीर काढून मनापासून खेळणें हा नियम. पहिल्या प्रकारांत नातू जिंकला तरी हरलेलाच असतो. दुसऱ्यांत तो जिंकला तर खरोखर जिंकतो. ज्या नाशकानें विदित गुजराथी यांच्यासारखा ग्रँडमास्टर दिला त्या नाशकांतील घरांना तर हें उदाहरण मुळींच दूरचें वाटूं नये. दुसरीहि एक गोष्ट बुद्धिबळें शिकवितात. देशी पद्धतींत प्यादें पहिल्या खेपेसहि एकच घर चालतें, आंतरराष्ट्रीय पद्धतींत तें प्रथम दोन घरें जाऊं शकतें. दोन्ही पद्धति चांगल्या आहेत. मात्र त्यांपैकीं कोणती, हें पट मांडण्यापूर्वीं ठरलें पाहिजे. प्यादें हातांत घेतल्यावर ठरवूं लागलें कीं भांडण आलेंच.

नियमाच्या एका शब्दानें खेळाचा स्वभाव किती पालटतो हें पाहावयाचें असेल तर हुतुतूकडे पाहावें. बंगालकडे हाडुडू, तामिळ देशांत चडुगुडु, उत्तरेकडे कबड्डी अशा नांवांनीं हा खेळ सर्व देशभर खेळला जातो. त्याचे तीन जुने प्रकार सांगतात: संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनींत एका पक्षाचा गडी मेला म्हणजे तो बाहेर बसतो, पण त्याच्या पक्षानें समोरचा एक गडी मारला कीं बसलेल्यांपैकीं एक उठून पुन्हां मैदानांत येतो. गामिनींत जो मेला तो मेला. आपल्या पक्षाचे सर्व गडी बाद होईपर्यंत त्यानें बाहेरच बसावयाचें. अमरांत कोणी बाहेर जातच नाहीं. गडी मेला तर समोरच्या पक्षाला गुण मिळतो व खेळ तसाच पुढें चालतो.

चढाई तीच, दम तोच, मैदानहि तेंच. मेलेल्याचें पुढें काय, एवढाच फरक. परंतु गामिनींत एखादा दांडगा गडी पहिल्या दहा मिनिटांत निम्मा पक्ष बाहेर बसवूं शकतो, आणि त्या बिचाऱ्यांना उरलेला खेळ काठावरून पाहावा लागतो. अमरांत धाकट्यालाहि शेवटपर्यंत धांवावयास मिळतें, पण मरणाची भीति गेल्यामुळें धाडसाची किंमतहि उतरते. संजीवनींत भीति आहे आणि आशाहि आहे. शिवाय बाहेर बसलेल्याचें भवितव्य आंत असलेल्या सोबत्याच्या पराक्रमावर अवलंबून असल्यामुळें एकाचा विजय तो सर्वांचा होतो. महाराष्ट्रांतील व्यायामप्रेमी मंडळींनीं या खेळाचे नियम लिहून काढले, ते १९२३ सालीं छापून निघाले, आणि त्याच वर्षीं बडोद्यास त्यांबरहुकूम सामने झाले. पुढें १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं हा खेळ परदेशीयांस करून दाखविला, आणि १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई सामन्यांत त्याला पदकाचा मान मिळाला. आज देशोदेशीं जो खेळ खेळतात त्यांत मेलेला गडी पुन्हां उठतो. म्हणजे संजीवनीचेंच तत्त्व टिकलें. गल्लोगल्लीं निरनिराळ्या रीतीनें खेळला जाणारा खेळ एवढा दूर जाऊं शकला, तो कोणी तरी बसून त्याचे नियम कागदावर उतरविले म्हणून.

नियम करणारांचें काम तेथेंच संपत नाहीं. खेळांत नवा दोष दिसला म्हणजे नवा उपाय शोधावा लागतो. पुढें असलेला पक्ष वेळ काढण्यासाठीं चढाई करून हात न लावतांच परतूं लागला, तेव्हां प्रेक्षक कंटाळले. २०१४ सालीं सुरू झालेल्या प्रो कबड्डीच्या सामन्यांत यावर असा नियम आहे कीं, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईंत गुण मिळविलाच पाहिजे, नाहीं तर चढाई करणारा बाद. तसेंच, मैदानांत तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतां त्यांनीं पकड केली तर एक गुण अधिक मिळतो. दोन्ही नियमांत कोणाचेंहि नांव नाहीं. कोणाला रागें भरणें नाहीं, कोणाची कींव करणें नाहीं. पहिला नियम आळसाला महाग करतो, दुसरा संकटांतील धैर्याला मोल देतो. उत्तम नियमाची हीच खूण आहे. तो माणसाला धरीत नाहीं, दोषाला धरतो.

आतां पुन्हां त्या चमत्कारिक प्राण्यांकडे वळूं. त्यांच्या झुंजींच्या स्पर्धा जपानांत सुरू झाल्या तेव्हां तेथील चालकांपुढेंहि पंचवटींतील आजींचाच प्रश्न होता: एकाचे प्राणी शंभराव्या पायरीवर, दुसऱ्याचे चाळीसाव्या, सामना लावावा कसा? १९९७ सालच्या निन्टेंडो कप या स्पर्धेंत त्यांनीं असें ठरविलें कीं, प्रत्येक प्राणी ५० ते ५५ या पायऱ्यांमधलाच असावा, सहांपैकीं तीनच झुंजवावे, आणि त्या तिघांच्या पायऱ्यांची बेरीज १५५ च्या वर जाऊं नये. या बेरजेंतील शहाणपण पाहण्याजोगें आहे. एखाद्याला ५५ व्या पायरीचा प्राणी आणावयाचा असेल तर त्यानें खुशाल आणावा. मात्र मग उरलेले दोघेहि ५० चेच घ्यावे लागतील. बलवानाला बंदी नाहीं, पण बळाची किंमत मोजावी लागते. एकत्र घरांत ज्यानें मोठी खोली घेतली त्यानें अडगळीचें सामानहि आपल्याच खोलींत ठेवावें, तसा हा हिशोब आहे.

दुसरा एक नियम याहून मौजेचा आहे. या खेळांत प्रतिपक्षाच्या प्राण्याला झोंपवितां येतें, आणि झोंपलेला प्राणी कांहीं खेप कांहींच करूं शकत नाहीं. मग धूर्त खेळाडू समोरचे सगळेच प्राणी झोंपवून टाकी, आणि दुसऱ्यानें नुसतें पाहत बसावें अशी पाळी येई. म्हणून अशा स्पर्धांत निर्बंध आला कीं, प्रतिपक्षाचा एक प्राणी आपण झोंपविलेला असतां दुसऱ्याला झोंपवूं नये. युक्ति जिवंत ठेवली, जुलूम तेवढा काढला. ‘पोकेमॉन गो’मध्यें तर प्राण्याच्या बळाचा आंकडाच दिलेला असतो, आणि झुंजीचे तीन वर्ग केलेले आहेत: १५०० पर्यंत, २५०० पर्यंत, आणि अमर्याद. प्रत्येक बाजूचे तीन प्राणी. तालमींत जसे वजनाचे गट तसेच हे. पहिल्या वर्गांत रस्त्यावर सांपडलेला सामान्य प्राणीहि विकत मिळविलेल्या दुर्मिळ प्राण्यास पाडूं शकतो. हें मुलांस समजलें म्हणजे पैशाचा तोरा आपोआप उतरतो.

यावरून घरच्या स्पर्धेचे नियम कसे करावे तें सांगतों. प्रथम सर्व भावंडांनीं गोल बसून दोष तेवढे सांगावे, उपाय नंतर. ‘तो नेहमीं जिंकतो’ हा दोष नव्हे. ‘त्याच्या प्राण्यांचें बळ इतकें आहे कीं दुसऱ्याला कांहीं करतांच येत नाहीं’ हा दोष होय. मग दर दोषास एकच नियम, आणि सगळे मिळून पांचांहून अधिक नकोत. पाठ होत नाहींत ते नियम पाळले जात नाहींत. बळाची मर्यादा सर्वांत धाकट्या खेळाडूच्या तीन उत्तम प्राण्यांकडे पाहून बांधावी. तिचे प्राणी ९०० च्या आसपास असतील तर मर्यादा ९०० ची. मोठ्यावर यांत अन्याय होतो असें कोणी म्हणेल, पण तसें नाहीं. त्याचें धन तेवढें दाराबाहेर राहिलें. कोणासमोर कोण उभा करावा हें त्याचें ज्ञान व निवडीस असलेले त्याचे अनेक प्राणी आंतच आहेत. शिवाय शेवटच्या दिवशीं एक खुली झुंज ठेवावी, म्हणजे त्यानें वर्षानुवर्षें केलेल्या मेहनतीचेंहि कौतुक होईल. एका जातीचे दोन प्राणी नकोत. तिन्ही प्राणी अगोदर कागदावर लिहून द्यावे, मग बदल नाहीं. मध्येंच जोडणी तुटली तर झुंज पुन्हां लावावी, मग पुढें कोणीहि असो.

सामन्यांची मांडणीहि विचारपूर्वक करावी. आठ जणांत बाद पद्धति ठेवली तर सात झुंजींत विजयी वीर ठरतो खरा, पण पहिल्या फेरींतच चौघांची सुटी संपते. ही गामिनी झाली. प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावें म्हटलें तर २८ झुंजी होतात. दर झुंजीस दहा मिनिटें धरलीं तर पावणेपांच तास लागतील. चौघाचौघांचे दोन गट केले तर प्रत्येक गटांत सहा म्हणजे एकूण बारा, पुढें दोन उपांत्य व एक अंतिम अशा पंधरा झुंजी होतात, आणि सर्वांत धाकटीच्या वांट्यासहि निदान तीन येतात. अडीच तासांचें हें काम तीन दुपारींत सहज पुरें होतें. हा हिशोब मुलांनाच करावयास सांगावा. गणिताच्या पुस्तकांत ज्या उदाहरणाचा त्यांना कंटाळा येतो तेंच तीं येथें भांडून सोडवितील.

नियम लिहून झाले कीं खेळ सुरू होण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य घ्यावी. मोठ्यानें आपला फोन धाकटीस द्यावा, तिचा आपण घ्यावा, व एक झुंज खेळावी. एकानें वडीचे भाग करावे आणि दुसऱ्यानें आधीं उचलावा, हा घरोघरचा न्याय आहे. त्याचेंच हें रूप. दुसऱ्याच्या बाजूनें बसूनहि जो नियम आपल्याला रास्त वाटतो तो ठेवावा. जो खुपतो तो तेव्हांच दुरुस्त करावा. पण स्पर्धा सुरू झाल्यावर ती संपेपर्यंत एक अक्षरहि बदलूं नये. नियम चुकीचा ठरला तरी तो दिवाळीच्या सुटींत बदलावा. हरणारासाठीं मध्येंच बदललेला नियम म्हणजे पुन्हां तोच कच्चा लिंबू.

कित्येक वडील म्हणतील, फोनवरच्या खेळासाठीं एवढा खटाटोप कशाला? फोनचा अतिरेक वाईट, हें आम्हांसहि मान्य आहे. म्हणून किती वेळ खेळावें हाहि त्या पांचांतलाच एक नियम असावा. मात्र तो दोन्हीकडून पाळला जावा. ठरल्या वेळेनंतर मुलांनीं पांच मिनिटेंहि मागूं नयेत, आणि ठरल्या वेळेच्या आंत मामांनीं रागाच्या भरांत फोन हिसकावूं नये. मोठ्यांना न बांधणारा नियम मुलें नियम म्हणून मानीत नाहींत. तो टळला म्हणजे जिंकलों, एवढेंच तीं त्यापासून शिकतात.

आणि खेळाच्या निमित्तानें घराकडेहि एकदां पाहावें. धाकट्या सुनेला बैठकींत बोलावतात, चहा झाला कीं तिलाहि ‘तुझें काय मत?’ असें विचारतात, आणि निर्णय तिघां पुरुषांनीं आधींच ठरविलेला असतो. शिकलेली मुलगी घरांत असते, पण तिच्या लग्नाची बोलणीं चाललीं असतां तिच्या होकाराचा हिशोब सर्वांत शेवटीं होतो. धाकट्या भावाचा पगार घरांत मोजला जातो, शब्द मोजला जात नाहीं. यांपैकीं कोणाशींहि कोणी वाईट वागत नसतें. सगळे त्यांना जपतच असतात. कच्च्या लिंबालाहि सगळे जपतातच. एकत्र कुटुंब टिकावें असें ज्यांना मनापासून वाटतें त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, आजचीं माणसें घरांतून निघून जातात तीं पुष्कळदां छळामुळें नव्हे, तर आपण मोजले जात नाहीं या एका जाणिवेनें.

ज्या मुलांनीं आठ वर्षांच्या बहिणीसाठीं मर्यादा बांधतांना एकदां डोकें खाजविलें असेल तीं मोठेपणीं घराचा, सोसायटीचा किंवा गांवाचा नियम करतांना सर्वांत दुबळा कोण, हें आधीं विचारतील अशी आम्हांस आशा आहे. तेवढ्यासाठीं तीन दुपारची झोंप मोडली तर वडिलांनीं ती मोडूं द्यावी. नियमांचा कागद पाटीवर चिकटवावा, खालीं आठहि जणांनीं सह्या कराव्या, आणि धाकटीची सही पहिली असावी. मग ती जिंको वा हरो. हरली तर घटकाभर फुरंगटून बसेल, पण कोणीं समजूत घालावयाच्या आधींच उठून पुढल्या झुंजीचे तीन प्राणी निवडूं लागेल, कारण आतां तिची हारहि मोजलेली आहे.